मुक्या गाडीची बातमी

ताकेहारा
१८ मे २००९

श्री. तादानोरी इवासे यांस,
नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र मासिकाच्या कचेरीमार्फत पाठवते आहे. हायब्रिड गाड्यांच्या मालकांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात, वाचकांच्या पानावर, तुमचं पत्र आलं होतं. ताकेहारा गावात एका आंधळ्या बाईला मुक्या गाडीने, म्हणजे कमी वेगात बॅटरीवर बिनआवाज चालणाऱ्या हायब्रिडने, उडवलं ही वर्तमानपत्रातली बातमी बनावट आहे, असं तुम्ही लिहिलंत. पुढे असंही लिहिलंत की अशी कुणी बाई बहुधा अस्तित्वातच नसावी.

ती बाई मी.

माझं नाव हात्सुए मिनोबे. नजर गेली तेव्हा चाळिशी ओलांडली होती, त्यामुळे हाताने लिहिता येतं. कागदावर खाचांची पट्टी ठेवते आणि खाचेखाचेने जाते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घ्या. मी मालिश करते. माझं एक गिऱ्हाईक तुमच्याच पंथातलं आहे. पाठ चोळून घेता घेता त्याने मोठ्या हौसेने तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कुणापुढे वाचतोय. त्याची पाठ माझ्या हाताखाली दगड झाली. तसंही एकाच हाताने चोळत होते. डावं मनगट मोडलंय.

उडवलं वगैरे काही नाही. धक्का लागला, मी गटारात पडले. तुमचं एक वाक्य मात्र मनात राहिलं. ‘कमी वेगातही टायरांचा आवाज होतोच, ज्याला कान आहेत त्याला तो ऐकू येतो.’

मला कान आहेत, इवासेसान.

हात्सुए मिनोबे


ताकाओका
२ जून २००९

मिनोबेसान यांस,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायची आमच्याकडे रीत आहे, पण आज मला तसं लिहिण्याचा हक्क वाटत नाही. आपण अस्तित्वात आहात, याबद्दल मी आपली माफी मागतो. वाक्य चुकलं. आपण अस्तित्वात नाही असं लिहिल्याबद्दल माफी मागतो.

मी असं का लिहिलं, तेवढं सांगू द्या. १९९८ साली मी पहिली हायब्रिड घेतली. तेव्हापासून तिच्याबद्दल छापून आलेलं मी सगळं वाचत आलो आहे. आधी वर्तमानपत्रं म्हणाली, हे खेळणं आहे, घाट चढणार नाही. मी घाट चढवला. मग म्हणाली, बॅटरी दोन वर्षांत मरेल, बदलायला घर विकावं लागेल. बॅटरी मेली नाही. पुढे तेल महागलं आणि तीच मंडळी हिला पृथ्वीची तारणहार म्हणू लागली. नटनट्या तिच्या दाराला टेकून फोटो काढू लागल्या. आणि यंदा ती दर चौथ्या घरापुढे दिसायला लागली, तशी ती भूत झाली. टीव्हीवर तिच्यामागे भुतांच्या नाटकातली बासरी वाजवतात. गाडी तीच आहे हो. खेळणं झाली, देवी झाली, भूत झाली; नुसती गाडी म्हणून एक दिवस काही तिला मिळाला नाही. एखाद्या माणसाबद्दल असं कुणी लिहिलं असतं, तर त्याच्या घरच्यांनी भांडण केलं असतं. हिच्या बाजूने भांडायला मी आहे.

आता काही प्रश्न, राग मानू नका. पाऊस होता का? उतार होता का? आणि गाडी हायब्रिडच होती हे कशावरून? बातमीत नुसतं ‘असावी’ असं आहे.

हे पत्र पुन्हा वाद घालणारं झालं आहे. घरात मी एकटा असतो. टपालात टाकण्याआधी वाचून ‘हे खोडा’ म्हणणारं कुणी नाही. आपल्याला हे पत्र कोण वाचून दाखवतं?

तादानोरी इवासे


ताकेहारा
२० जून २००९

इवासेसान,

तुमची पत्रं हामानोसान वाचून दाखवतात. समाजकेंद्राकडून आठवड्यातून एकदा येतात. पूर्वी त्या बस कंपनीत होत्या, थांब्यांची नावं पुकारायच्या. त्यामुळे ‘बॅटरी मेली नाही’ हे त्यांनी असं वाचलं, की मला वाटलं आता उतरायचं. ‘आपण अस्तित्वात आहात, याबद्दल माफी मागतो’ हे वाचताना मात्र त्या थांबल्या आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारीण बघायला आली. कितीतरी दिवसांत हसले नव्हते. त्याबद्दल तुमचं पहिलं पत्र माफ.

प्रश्नांची उत्तरं. पाऊस नव्हता. उतार आहे, माझं घर देवळाच्या वळणावर चढावर आहे. गाडी हायब्रिड होती. कशावरून, ते विचारू नका.

तुम्हाला एक सांगते. या वळणावर गाडी आली, की मला चुलीपाशी बसल्या जागी कळायचं कोण आलं. तोफूवाल्याची खोकते. डॉक्टरांची घाईत असते. आणि कोण आलं यापेक्षाही कोण गेलं हे कळायचं. आवाज वळणापर्यंत जायचा, मग खाली, मग समुद्राच्या बाजूला पुसट व्हायचा. तेवढा वेळ माणूस अजून पुरतं गेलेलं नसायचं. आता दार लागतं आणि पुढे काहीच नाही. निरोप अर्धा राहतो.

टीव्हीवाले यायचे म्हणतात. तुम्ही म्हणता ते बासरीवाले असतील.

आता माझा प्रश्न. तुम्हाला या गाडीचं एवढं प्रेम का? आकडे न घालता सांगा. आकडे आले, की हामानोसान पुन्हा थांबे पुकारायला लागतात.

हात्सुए मिनोबे


ताकाओका
१२ जुलै २००९

मिनोबेसान यांस,

आकडे काढून टाकल्यावर मी काय लिहू, यात बरेच दिवस गेले.

मी देवळांच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. आमच्या गावात तोच धंदा आहे. नवी घंटा ठोकून बघतात, कानस लावतात, पुन्हा ठोकतात. संध्याकाळी घरी आलो तरी डोक्यात घंटा चालू. डावा कान आता कामाचा नाही. पहिल्या दिवशी ही गाडी चालवली, सिग्नलला थांबलो, आणि इंजिन आपोआप बंद झालं. मिनोबेसान, डोक्यातली घंटासुद्धा थांबली. लाल दिव्यापुरतीच. पण मला रडू आलं होतं. शेजारी माझी पत्नी अकिए बसली होती, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “किती शांत आहे ना.” मला फार अभिमान वाटला. पुढेही प्रत्येक सिग्नलला ती तेच म्हणायची. मला वाटायचं, आम्हा दोघांचं या गाडीवर सारखंच प्रेम आहे. सध्या ती कानाझावाला बहिणीकडे असते. तिकडची हवा तिला मानवते.

आणखी एक. तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या बाजाराच्या पार्किंगमध्ये डोळ्यांना टॉवेल बांधून उभा राहिलो. बऱ्याच गाड्या ऐकू आल्या. काही नाही आल्या. एक तर इतकी जवळ येऊन थांबली, की आतला माणूस काच खाली करून म्हणाला, “आजोबा, लपाछपी खेळताय का?” ती माझ्याच जातीची गाडी होती. मग पहारेकरी आला आणि मला सावलीत नेऊन बसवलं.

‘ज्याला कान आहेत’ हे वाक्य मी मागे घेतो. ते लिहिणाऱ्यालाच धड कान नव्हते.

तादानोरी इवासे


ताकेहारा
३० ऑगस्ट २००९

इवासेसान,

हे पत्र मी एकटीने लिहिते आहे आणि स्वतः पेटीत टाकणार आहे. हामानोसानना यातलं काही माहीत नाही.

टीव्हीवाले येऊन गेले. मला म्हणाले, रस्त्याने चाला. मागून एक हायब्रिड सोडली, मी दचकले नाही. कारण ती येणार हे मला माहीत होतं. म्हणाले, “बाई, पुन्हा एकदा, जरा दचकून.” तिसऱ्या खेपेला मी दचकले. त्यांना हवा होता तो चेहरा मी दिला. कार्यक्रम लागला त्या दिवसापासून माझ्या मुलीचा फोन नाही.

मला जिचा धक्का लागला ती गाडी तिची होती.

चिगुसा ओकायामाला शाळेत शिकवते. महिन्यातून एकदा यायची. जुनी गाडी खडखडायची. खाली वळणावर आली, की मी चहाचं पाणी ठेवायची. वसंतात तिने नवी घेतली. त्या दिवशी आमचं वाजलं. ती म्हणत होती, आता धंदा बंद कर, माझ्याकडे राहायला चल. मी म्हटलं, “तुझ्या घरात मी कपाटासारखी उभी राहीन. रोज पुसायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही.” ती उठून गेली. दार लागलं. मग माझ्या हाताला आंबट फळांच्या लोणच्याची बरणी लागली, तिच्यासाठी काढून ठेवलेली. घेऊन बाहेर आले. शांत होतं. म्हटलं, गेली. रस्त्यावर उतरून तशीच उभी राहिले. ती गाडीतच बसली होती, मी तिच्या मागे उभी होते आणि तिने गाडी मागे घेतली. बरणी फुटली.

तिनेच मला उचललं. दवाखान्यात मी सांगितलं, कुठलीशी गाडी होती, निघून गेली. चिगुसा शेजारी उभी होती. ती बोलली नाही. हवालदार माझंच गिऱ्हाईक, त्याने खोदलं नाही. वार्ताहरालाही मी तेच सांगितलं. शिक्षिकेचं नाव छापून आलं असतं तर?

म्हणजे बातमी खोटीच होती, इवासेसान. तुमचं बरोबर होतं. हे तुम्ही मासिकात छापलंत तर मी अडवू शकत नाही. छापू नका, एवढंच म्हणते. उत्तरात मुलीबद्दल काही लिहू नका. लिहायचंच तर लोणच्याबद्दल लिहा.

आणि माझं बोलणं आगाऊ वाटेल, पण तुमच्या पत्नीचं ते वाक्य मी हामानोसानना दोनदा वाचायला लावलं. ‘किती शांत आहे ना.’ त्यांनी दोन्ही वेळा सारखंच वाचलं, पण मला ते कौतुक वाटलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाने काहीतरी बोलावं, म्हणून कुणी असं म्हणतं.

हात्सुए


ताकाओका
१४ सप्टेंबर २००९

मिनोबेसान यांस,

हामानोसान, तुम्हालाही नमस्कार. या पत्रात लोणच्याचा उल्लेख येईल. तो आमच्यातला विषय आहे, तुम्ही नुसता वाचा.

टीव्हीवरच्या कार्यक्रमाला उत्तर म्हणून मासिकाने मला पूर्ण पान दिलं आहे. संपादक फोनवर म्हणाले, “इवासेसान, यांचं पितळ एकदाचं उघडं पाडा.” अकरा वर्षं मी अशा पानाची वाट बघत होतो. लोणचं कुणी घातलं, कुणासाठी, बरणी कशी फुटली, यातलं एक अक्षर त्या पानावर येणार नाही. निश्चिंत असा.

अकिएबद्दल आपण लिहिलंत त्यावर मी रागावलो होतो. चांगला रागावलो होतो. पत्र लिहून फाडलं. मग एके दिवशी सिग्नलला थांबलो, इंजिन बंद झालं, शेजारची जागा रिकामी, आणि मीच मोठ्याने म्हणून बघितलं: “किती शांत आहे ना.” मागचा हॉर्न वाजवेपर्यंत दिवा हिरवा झाल्याचं मला कळलं नाही.

ती हवेसाठी गेलेली नाही. मी निवृत्त झालो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने घटस्फोटाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी सहीचा शिक्का मारला. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तादानोरी इवासे


ताकेहारा
२५ नोव्हेंबर २००९

इवासेसान,

तुमचं पान वाचून झालं. हामानोसान मध्येच गप्प झाल्या. मला वाटलं, पान संपलं. त्या नाक पुसत होत्या.

तुम्ही वर्तमानपत्रांना झोडपलंत, ते खमंग होतं. पण मला वाटलं होतं तिथे तुम्ही थांबला नाहीत. या गाडीबद्दल हजार लेख आले, त्यात ती किती तेल पिते आणि किती खपते हे आलं, आत कोण बसलंय आणि बाहेर कोण वाट बघतंय हे कुणी लिहिलं नाही, आणि मीही लिहिलं नाही, असं तुम्ही म्हटलंत. गाडीला आवाज द्यावा, असंही म्हटलंत. ते तुम्हाला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. मासिकवाले खूश नसतील.

मी पान माझ्याजवळ ठेवलं आणि चिगुसाला फोन केला. म्हटलं, “टीव्हीवर मी तुझं काही सांगितलं नाही.” ती म्हणाली, “आई, तेच तर. तू मला रागावली असतीस, चार शिव्या दिल्या असत्यास, तर मी दुसऱ्याच दिवशी आले असते. तू मला वाचवलंस. आता मी कुठल्या तोंडाने येऊ?” शेवटी म्हणाली, नव्या वर्षाला येते.

तुम्हीही या कधीतरी. मनगट जुळलंय. चालवणाऱ्यांच्या माना कशा असतात ते मला ठाऊक आहे.

हात्सुए


ताकाओका
२४ जानेवारी २०१०

मिनोबेसान,

हे हामानोसान वाचणार, हे माहीत असून लिहितो आहे.

माझ्या पानावर मासिकाकडे ढीगभर पत्रं आली. एकाने मला घरभेदी म्हटलं. आमच्या भागातल्या मालकांची नव्या वर्षाची मेजवानी असते. गेली दहा वर्षं मासळी आणायचं काम माझ्याकडे होतं. यंदा निरोपच आला नाही. मासळी दुसऱ्या कुणी आणली असेल.

म्हणून मी गाडी काढली आणि दक्षिणेकडे निघालो. कुठे जातोय ते स्वतःला सांगितलं नव्हतं. ताकेहाराला पोचलो, देवळाचं वळण सापडलं, तुमच्या दारावरची पाटी दिसली. गाडी थांबवली. उतरून काय बोलायचं ते जुळवत बसलो.

तुम्ही बाहेर आलात. काठी होती, अंगात कोट नव्हता. हाताने चाचपत गाडीपाशी आलात आणि बॉनेटवर हात ठेवलात. म्हणालात, “चिगुसा?”

मी श्वास धरून बसलो.

तुम्ही म्हणालात, “चिगुसा, थंडीत बसू नको. आत ये. मी काही बोलणार नाही.”

मी ‘नाही, मी इवासे’ एवढं म्हणायला हवं होतं. साधे तीन शब्द. पण तुमचा चेहरा इतका उजळला होता, की तो मालवायचं धैर्य माझ्याकडे नव्हतं. तुम्ही बराच वेळ उभ्या होतात. मग आत गेलात आणि दार उघडं ठेवलंत. मी निघालो. गाडीने काडीचा आवाज केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हिने खडखडावं, धूर सोडावा, काहीतरी करावं.

क्षमा मागायला मला तोंड नाही.

तादानोरी इवासे


ताकेहारा
७ फेब्रुवारी २०१०

इवासेसान,

हामानोसाननी पत्र संपवलं आणि विचारलं, “पाणी आणू का?” मी म्हटलं, आधी पुन्हा वाचा.

मी तुमच्यावर रागावले आहे. चांगली रागावले आहे. नव्या वर्षाला चिगुसा आली नाही. भाताच्या वड्यांचं पार्सल आलं. त्यानंतर वळणावर टायरांखाली खडी वाजली, बॉनेट गरम लागलं. मला वाटलं, आली. दार उघडं ठेवून खोली गार होईपर्यंत बसले. रात्री तिला फोन करून म्हटलं, “दारापर्यंत येऊन परत गेलीस?” ती म्हणाली, “मी ओकायामातच आहे.” मला खोटं वाटलं. पुन्हा भांडलो, आधीपेक्षा वाईट. तुमच्या तीन शब्दांनी ते झालं नसतं.

परवा तुमचं पत्र हामानोसाननी तिला फोनवर वाचून दाखवलं. मीच सांगितलं वाचायला. मग ती हसायला लागली, म्हणाली, “आई, त्या बिचाऱ्या माणसाला तू ‘आत ये, मी काही बोलणार नाही’ म्हणालीस?” आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. म्हणाली, “मला म्हणाली असतीस असं, तर मी आले असते.” मी म्हटलं, तुलाच म्हणत होते. शाळेला सुट्टी लागली, की येणार आहे. आगगाडीने. गाडी चालवायला अजून तिचा हात धजत नाही. येईल की नाही, मी मनाला सांगून ठेवलेलं नाही.

ती आली तरी दोन दिवस राहील. नाही आली तर मी आहेच. म्हणून तुम्हाला लिहिते. पुन्हा निघा. मान दाखवायला या म्हणा, किंवा तुमच्या गाडीच्या वतीने भांडायला या. भांडायला मला आवडतं, इकडे कुणी भांडत नाही. आंधळीशी सगळे गोडच बोलतात.

पण दाराशी आलात, की बसून राहू नका. खाली उतरा आणि नाव सांगा, मोठ्याने. इतके दिवस तुम्ही मला हामानोसानच्या आवाजात माहीत आहात. तुमचा स्वतःचा कसा आहे, मी अजून ऐकलेला नाही.

हात्सुए मिनोबे